आरहूली रेकॉर्ड्स : एका कानाच्या भरवशावर चाललेली कंपनी

आरहूली रेकॉर्ड्स ही ब्लूज आणि अमेरिकेतील इतर लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणारी छोटी कंपनी १९६० साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. २०१६ पर्यंत तिचा मालक, निर्माता, छायाचित्रकार, बहुतेक ध्वनिमुद्रणांचा तंत्रज्ञ आणि गरजेप्रमाणे हमालही एकच माणूस होता : ख्रिस स्ट्राकविट्झ. या छप्पन्न वर्षांत तिने साडेतीनशेहून अधिक अल्बम काढले. खपाच्या मोठ्या आकड्यांशी तिचा कधीच फारसा संबंध आला नाही. तिच्याबरोबरीने निघालेल्या कितीतरी कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, ती मात्र टिकली. कशी टिकली हा तिच्या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रेकॉर्डविक्रीत पूर्णपणे सापडत नाही.

ब्लूजचा धंदा आरहूलीच्या आधी चाळीस वर्षे चालू होता. १९२० साली ओके कंपनीने मॅमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी काढली. ती इतकी खपली की कृष्णवर्णीय गिऱ्हाईक हीच एक मोठी बाजारपेठ आहे, हे सगळ्या कंपन्यांच्या ध्यानात आले. ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने या तबकड्यांच्या वेगळ्या याद्या निघू लागल्या. १९२९ नंतरच्या मंदीने त्या धंद्याचे कंबरडे मोडले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कंपन्यांनी हा प्रांत जवळजवळ सोडून दिला आणि तिथे शिकागोची चेस, लॉस एंजेलिसच्या मॉडर्न, अलॅडिन आणि स्पेशालिटी, ह्यूस्टनची गोल्ड स्टार अशा लहान कंपन्या शिरल्या. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे कृष्णवर्णीय वस्त्यांतले श्रोते आणि गुत्त्यांमधले ज्यूकबॉक्स. पन्नासच्या दशकाच्या शेवटी त्या श्रोत्यांची आवड बदलली. एकट्याने गिटार घेऊन गाणारा खेड्यातला गवई त्यांना जुनाट वाटू लागला. नेमक्या त्याच वेळी अमेरिकेतले आणि युरोपातले गोरे विद्यार्थी व संग्राहक त्याच गवयाच्या शोधात निघाले. एक गिऱ्हाईक गेले होते आणि दुसरे अजून पुरते आले नव्हते. या मधल्या काळात शिकागोत बॉब केस्टरची डेलमार्क आणि कॅलिफोर्नियात आरहूली या कंपन्या उभ्या राहिल्या.

स्ट्राकविट्झचा जन्म १९३१ साली तेव्हाच्या जर्मनीतील लोअर सायलेशियात, एका जमीनदार सरदार घराण्यात झाला. तो भाग आज पोलंडमध्ये आहे. १९४५ साली रशियन फौजा जवळ येताच कुटुंबाने घरदार सोडले आणि १९४७ साली ते अमेरिकेत, नेव्हाडा राज्यातल्या रीनो गावी पोहोचले. त्याच सुमारास ‘न्यू ऑर्लीन्स’ हा चित्रपट पाहून, त्यातले लुई आर्मस्ट्राँग आणि किड ओरी यांचे वादन ऐकून या मुलाला जॅझचे वेड लागले. तो दक्षिण कॅलिफोर्नियात शिकत असताना लॉस एंजेलिसच्या रेडिओवर हंटर हॅनकॉक हा निवेदक कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी कार्यक्रम करीत असे. लाइटनिन हॉपकिन्स या टेक्सासच्या गवयाचा आवाज त्याच्या कानी पडला तो तिथेच. पुढे बर्कलीचे विद्यापीठ, मध्ये लष्करातली नोकरी, मग लॉस गॅटोस गावच्या शाळेत जर्मनचा मास्तर असे त्याचे आयुष्य सरळ चालले होते. जुन्या तबकड्या विकत घेणे, त्यांची अदलाबदल करणे आणि विकणे हा उद्योगही जोडीला होता. पुढे कंपनीला लागलेले पहिले भांडवल बरेचसे याच उद्योगातून आले.

हॉपकिन्स कुठे राहतो, हे पन्नासच्या दशकात संग्राहकांना माहीत नव्हते. सॅम चार्टर्स या अभ्यासकाने त्याला ह्यूस्टनमध्ये शोधून काढले आणि १९५९च्या आरंभी त्याचे ध्वनिमुद्रण केले. चार्टर्सकडून ही बातमी कळताच स्ट्राकविट्झ त्याच वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत ह्यूस्टनला गेला. तिथे मॅक मॅकॉर्मिक या स्थानिक संशोधकाने त्याला हॉपकिन्सपर्यंत पोहोचवले. एका छोट्या बिअरच्या गुत्त्यात हॉपकिन्स गात होता. समोर बसलेल्यांशी बोलता बोलता, त्या दिवशी घडलेल्या गोष्टी घेऊन तो जागच्या जागी गाणे रचत होता. बैठकीत जे ऐकू आले ते कुठल्याच तबकडीवर नव्हते. स्टुडिओत माणूस तीन मिनिटांचे गाणे म्हणतो आणि उठतो. आपल्या ओळखीच्या माणसांत तोच किती वेगळा गातो, हे त्या संध्याकाळी स्ट्राकविट्झला कळले आणि अशा जागी जाऊन मुद्रण करायचे त्याने ठरवले.

पुढच्या उन्हाळ्यात टेपरेकॉर्डर घेऊन तो पुन्हा टेक्सासला आला, तेव्हा हॉपकिन्स नेमका कॅलिफोर्नियात कार्यक्रमांना गेलेला होता. मग मॅकॉर्मिक आणि स्ट्राकविट्झ गाडी घेऊन नॅव्हसोटा या शेतीच्या गावाकडे वळले. तिथल्या एका बड्या जमीनदाराच्या शेतावरचे एक गाणे हॉपकिन्सने गायलेले होते. ते शेत या भागात आहे, तर तिथे गाणारेही असतील, इतकाच त्यांचा तर्क होता. चौकशी करीत करीत मॅन्स लिप्सकम हे नाव निघाले. लिप्सकमने तोपर्यंतचे आयुष्य बटाईने कापूस पिकवण्यात घालवले होते. पासष्टीचा हा माणूस त्या दिवशी रस्त्याकडेचे गवत कापण्याच्या कामावर होता. तो घरी परतेपर्यंत दोघे थांबले आणि त्याच रात्री त्याच्या घरात मुद्रण झाले.

लिप्सकमने त्याआधी एकही रेकॉर्ड केलेली नव्हती. शनिवारच्या नाचांना रात्रभर वाजवणारा हा माणूस फक्त ब्लूज गाणारा नव्हता. पोवाड्यासारखी कथागीते, नाचाच्या चाली, रॅगटाइम, चर्चमधली भजने असे सगळे त्याच्याजवळ होते आणि तो स्वतःला ‘साँगस्टर’ म्हणवून घेई. स्ट्राकविट्झच्या मनात तेव्हा हॉपकिन्ससारखा धारदार ब्लूज होता, त्यामुळे हे मवाळ वादन त्याला सुरुवातीला काहीसे पुचाट वाटले. तरीही पहिली रेकॉर्ड त्याचीच निघाली, कारण हाताशी तेच मुद्रण सर्वांत सलग होते. ‘टेक्सास शेअरक्रॉपर अँड साँगस्टर’ हा आरहूलीचा १००१ क्रमांकाचा अल्बम १९६०च्या अखेरीस बाहेर पडला. प्रती फक्त २५०. कोऱ्या वेष्टनांवर छापलेले कागद मित्रांना जमवून टेबलावर हाताने चिकटवले होते. कंपनीचे नाव मॅकॉर्मिकने सुचवले. शेतात काम करताना मारलेल्या गायनवजा हाकांशी त्याचा संबंध आहे.

लिप्सकमला १९६१ साली बर्कलीच्या लोकसंगीत महोत्सवात बोलावले गेले आणि नॅव्हसोटाबाहेर कुणाला ठाऊक नसलेला हा शेतकरी पुढची दहा-बारा वर्षे देशभर गात राहिला. १९७६ साली त्याचे निधन झाले. ज्यांना लहान कंपनीचे काम म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल त्यांनी या पहिल्याच अल्बमपासून सुरुवात करावी. मोठ्या कंपनीने हा गवई घेतला नसता, आणि घेतला असता तर त्याच्या भात्यातली निम्मी गाणी ‘हे ब्लूज नाही’ म्हणून गाळली असती.

१९६२ साली स्ट्राकविट्झने शाळेची नोकरी सोडली. त्यानंतरच्या काही वर्षांतली यादी मोठी आहे. बिग जो विल्यम्स, ब्लॅक एस, लिल सन जॅक्सन, पियानोवादक मर्सी डी वॉल्टन, व्हर्जिनियाचा जॉन जॅक्सन, तुरुंगवास भोगून आलेला आणि कित्येक वर्षांनी पुन्हा सापडलेला बुका व्हाइट, शिकागोचा गिटारवादक अर्ल हूकर. बिग मामा थॉर्नटन या गायिकेचे मुद्रण १९६५ साली लंडनमध्ये झाले, कारण ती तेव्हा ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’च्या ताफ्याबरोबर युरोपात होती. साथीला गिटारवादक बडी गाय होता. मुक्काम पडेल तिथे मुद्रण उरकणे हा या कंपनीचा रिवाजच होता.

१९६४ साली मिसिसिपीतल्या कोमो गावी फ्रेड मॅकडॉवेल या गिटारवादकाच्या घरी झालेले मुद्रण या सगळ्यांत वेगळे ठरले. मॅकडॉवेलला १९५९ साली अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीत-संग्राहकाने शोधले होते, पण त्याची गाणी इतरांच्या गाण्यांबरोबर संकलनांत विखुरली होती. आरहूलीने त्याला पूर्ण अल्बम दिला. बाटलीच्या काचेने किंवा धातूच्या नळीने तारेवर सरकत वाजवलेली त्याची गिटार एकाच सुराभोवती फिरत राहते आणि त्या फिरण्यालाच लय चढते. रेकॉर्डवर ती ऐकताना मधे स्टुडिओ नसल्याचे जाणवते. थोडी घरघर, खोलीचा आवाज, पायाचा ठेका हे सगळे तसेच ठेवलेले आहे. मुद्रणाच्या तांत्रिक दर्जात आरहूली कधीच अव्वल नव्हती. मायक्रोफोन कुठे ठेवायचा आणि यंत्र केव्हा बंद करायचे नाही, एवढे मात्र स्ट्राकविट्झला चांगले कळत होते.

१९६४मधलीच दुसरी गोष्ट क्लिफ्टन शेनियेची. लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांचे झायडेको हे नाचाचे संगीत तेव्हा त्या समाजाबाहेर फारसे कुणी ऐकलेले नव्हते. हॉपकिन्स एका रात्री स्ट्राकविट्झला ह्यूस्टनमधल्या फ्रेंचटाउन वस्तीतल्या गुत्त्यात आपल्या नात्यातल्या एका माणसाचे वादन ऐकायला घेऊन गेला. तिथे फक्त दोघे होते. गळ्यात मोठे पियानो-अ‍ॅकॉर्डियन अडकवलेला शेनिये आणि एक ड्रमवाला. शेनिये अनोळखी नव्हता. १९५५ साली स्पेशालिटी कंपनीने त्याच्या तबकड्या काढल्या होत्या, पण त्यानंतर त्याचा बाजार बसला होता आणि त्याला पुन्हा रेकॉर्ड हवी होती. लगेच गोल्ड स्टार स्टुडिओत मुद्रण ठरले. आदल्या रात्रीचे दोघांचे संगीत मिळेल या अपेक्षेने स्ट्राकविट्झ गेला, तर शेनिये गिटार, बेस आणि पियानो असा सगळा ताफा घेऊन हजर. गिटारचा आणि बेसचा अ‍ॅम्प्लिफायर ऐन वेळी बिघडला आणि स्ट्राकविट्झला हवे होते त्याच्या जवळपासचेच संगीत अखेर टेपवर आले.

यानंतर दोघांत जी ओढाताण चालली तिच्यात लहान कंपनीचे बळ आणि तिचा दोष दोन्ही दिसतात. शेनियेला रे चार्ल्ससारखे आधुनिक आणि इंग्रजीतले गाणे करायचे होते, कारण त्याच्या मते पैसा तिथे होता. स्ट्राकविट्झला फ्रेंच गाणी हवी होती. शेवटी तोड निघाली ती अशी की अल्बमचा अर्धा भाग फ्रेंच झायडेकोचा आणि अर्धा रिदम अँड ब्लूजचा. १९६५चा ‘लुइझियाना ब्लूज अँड झायडेको’ असा तयार झाला. लुइझियाना आणि टेक्सासमधल्या श्रोत्यांनी त्यातली फ्रेंच गाणी उचलली आणि शेनियेने पुढे ‘झायडेकोचा राजा’ म्हणून डोक्यावर मुकुट चढवून कार्यक्रम केले. १९७५ साली मुद्रित झालेला ‘बोगालूसा बूगी’ हा त्याचा आणि बहुधा आरहूलीचाही सर्वांत भरीव अल्बम आहे. निकाल स्ट्राकविट्झच्या बाजूने लागला, म्हणून प्रश्न मिटत नाही. कलावंताने काय गावे हे गोऱ्या संग्राहकाची आवड ठरवते, हा आक्षेप साठच्या दशकातल्या सगळ्याच ब्लूज कंपन्यांवर घेतला गेला आणि तो रास्त आहे. आपल्याला न आवडणाऱ्या गुळगुळीत संगीताला स्ट्राकविट्झ ‘माउस म्युझिक’ म्हणून हिणवत असे आणि त्या शेऱ्यात कित्येक चांगले वादकही सापडत. फरक इतकाच की त्याच्यासमोर शेनियेसारखा हट्टी माणूस असला की तोही निम्म्यावर यायला तयार होई.

आता पैशाचा प्रश्न. अडीचशे किंवा हजार-दोन हजार प्रती काढणाऱ्या कंपनीला रेकॉर्ड विकून पोट भरणे कठीण. मुद्रण, छपाई, वितरकाची सूट आणि उशिरा येणारे पैसे हे वजा केले की हातात फार उरत नाही. पण ध्वनिमुद्रिकेत दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे मुद्रण आणि दुसरी म्हणजे गाणे. गाण्याचा हक्क रचनाकार आणि प्रकाशक यांच्याकडे असतो. ते गाणे दुसऱ्या कुणी गायले, तरी त्याच्या प्रत्येक प्रतीमागे त्यांना पैसे मिळतात आणि रूढ पद्धतीनुसार ते निम्मे निम्मे वाटले जातात. १९०९च्या अमेरिकी कायद्याने हा दर प्रतीमागे दोन सेंट ठरवला होता आणि १९७८ येईपर्यंत तोच राहिला. म्हणजे एखादे गाणे दहा लाख प्रतींवर गेले, तर २०,००० डॉलर. आरहूलीच्या हिशेबात ही रक्कम कित्येक अल्बमांच्या नफ्याहून मोठी. स्ट्राकविट्झने आपल्या गवयांच्या रचनांची नोंदणी करण्यासाठी प्रकाशनसंस्था काढली होती. पन्नासच्या दशकात कितीतरी कंपनीमालकांनी गवयांच्या गाण्यांवर स्वतःची नावे घालून घेतली होती. त्या पार्श्वभूमीवर इथे रचनाकाराचे नाव आणि त्याचा वाटा राहिला, ही साधी गोष्टही मोठी होती.

या व्यवस्थेचे पहिले मोठे फळ ब्लूजमधून आलेच नाही. १९६५च्या शरद ऋतूत बर्कलीत व्हिएतनाम युद्धाविरुद्धची चळवळ तापली होती. सभेत विकण्यासाठी छोटी रेकॉर्ड हवी म्हणून काही तरुण स्ट्राकविट्झच्या घरी आले. त्याने बैठकीच्या खोलीत त्यांचे मुद्रण करून दिले. मोबदला म्हणून पैसे न घेता गाण्याचे प्रकाशन त्याने आपल्याकडे मागितले. गाणारा होता कंट्री जो मॅकडोनल्ड आणि गाणे होते मरणाच्या तयारीत असलेल्या सैनिकाचे, उपरोधाने भरलेले ‘फिक्सिन टू डाय रॅग’. चार वर्षांनी मॅकडोनल्डने तेच गाणे वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या अफाट जमावापुढे गायले आणि तिथून ते त्या महोत्सवावरच्या चित्रपटात व अल्बमवर गेले. त्या प्रकाशनाच्या पैशाच्या आधाराने स्ट्राकविट्झला एल सेरिटो गावात सॅन पाब्लो रस्त्यावर इमारत घेता आली. कंपनीचे कार्यालय, गोदाम आणि १९७६ साली सुरू झालेले ‘डाउन होम म्युझिक’ हे दुकान तिथे एकाच छपराखाली आले.

१९७१ साली रोलिंग स्टोन्स या रॉक गटाने ‘स्टिकी फिंगर्स’ या अल्बमवर मॅकडॉवेलचे ‘यू गॉटा मूव्ह’ घेतले. अशी गाणी ‘पारंपरिक’ म्हणून फुकट वापरण्याचा मोह मोठ्या गटांना नेहमीच असे. इथे मॅकडॉवेलचा हक्क लावून धरला गेला आणि १९७२च्या जुलैत त्याचा मृत्यू होण्यापूर्वी बऱ्यापैकी मोठी रक्कम त्याच्या हाती पडली. के. सी. डग्लस या ओकलंडमधल्या गवयाचे ‘मर्क्युरी ब्लूज’ तर त्याच्या मृत्यूनंतर, १९९३ साली, अ‍ॅलन जॅक्सन या कंट्री गायकाने गाऊन लोकप्रिय केले. अशी चार-पाच गाणीच आरहूलीच्या उरलेल्या शेकडो रेकॉर्डांचा खर्च उचलत होती.

या आधारामुळेच कंपनीला आपल्या यादीतले अल्बम वर्षानुवर्षे छापत राहणे परवडले. खप थांबला की अल्बम यादीतून काढून टाकण्याची मोठ्या कंपन्यांची रीत आरहूलीने पाळली नाही. वेष्टनांवर बहुधा स्ट्राकविट्झनेच काढलेली छायाचित्रे, वेन पोपची मांडणी आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांतली लांबलचक टिपणे असत. ज्या काळी ब्लूजवर पुस्तके मोजकीच होती त्या काळी या टिपणांनीच कितीतरी वाचकांना माहिती पुरवली. ‘ब्लूज क्लासिक्स’ आणि ‘ओल्ड टाइमी’ या जोडनावांखाली वीस-तीसच्या दशकांतल्या दुर्मीळ तबकड्याही पुन्हा निघाल्या. चित्रपटकार लेस ब्लँक याने लिप्सकम, हॉपकिन्स आणि शेनिये यांच्यावर केलेले लघुपट याच वर्तुळातून आले. मेक्सिकन-अमेरिकनांच्या सरहद्दीवरच्या संगीतावरचा ‘चुलास फ्रोंतेरास’ स्ट्राकविट्झनेच निर्माण केला होता. तो १९७६चा.

सत्तरच्या दशकापासून स्ट्राकविट्झचा ओढा ब्लूजकडून टेक्सास-मेक्सिको सरहद्दीवरच्या अ‍ॅकॉर्डियनकडे वळला. हा बदल वरवर पाहता अचानक वाटतो. पण लिप्सकमच्या शनिवारच्या नाचांत, शेनियेच्या गुत्त्यात आणि सान अंतोनियोच्या नाचघरांत तो एकच गोष्ट ऐकत होता : दिवसभर राबून आलेल्या माणसांचे नाचाचे संगीत. फ्लाको हिमेनेस या अ‍ॅकॉर्डियनवादकाच्या आरहूलीवरील अल्बमला ऐंशीच्या दशकात ग्रॅमी मिळाले. लिडिया मेंडोसा या जुन्या गायिकेच्या तबकड्या पुन्हा ऐकू येऊ लागल्या. स्ट्राकविट्झने गोळा केलेल्या मेक्सिकन आणि मेक्सिकन-अमेरिकन मुद्रणांच्या संग्रहात आज एक लाखाहून अधिक मुद्रणे आहेत. त्यांचे डिजिटल रूपांतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेबरोबर झाले. त्यासाठी लोस तिग्रेस देल नोर्ते या लोकप्रिय वाद्यवृंदाच्या प्रतिष्ठानाने पाच लाख डॉलर दिले. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या समाजाचा ध्वनिवारसा एका खासगी संग्रहात जमा व्हावा लागला, ही तिथल्या सरकारी ग्रंथालयांच्या दृष्टीने भूषणाची गोष्ट नाही.

ब्लूजच्या बाबतीत तोवर पुढाकार इतरांकडे गेला होता. डेलमार्कमध्ये नोकरी करणाऱ्या ब्रूस इग्लॉअरने १९७१ साली शिकागोत अ‍ॅलिगेटर काढली. तिने एका वेळी मोजके कलावंत घेऊन त्यांचे दौरे, प्रसिद्धी आणि रेडिओ यांची नीट घडी बसवली. धंदा म्हणून अ‍ॅलिगेटर सरस ठरली. खुद्द शेनियेला ग्रॅमी मिळाले तेही तिथल्या अल्बमला. गवयाच्या रोजच्या चरितार्थाच्या दृष्टीने पाहिले, तर अ‍ॅलिगेटरची रीत जास्त उपयोगी होती, हे मान्य केले पाहिजे. आरहूली रेकॉर्ड काढून देई, पुढचे ज्याचे त्याने पाहायचे.

१९९५ साली स्ट्राकविट्झने आपला संग्रह आणि संशोधन यांसाठी आरहूली फाउंडेशन स्थापन केले. २००० साली त्याला नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. सीडीच्या काळात जुने अल्बम एकत्र करून, न निघालेली गाणी घालून पुन्हा काढले गेले. मग सीडीचाही बाजार बसला. वारस नसलेल्या कंपनीचे पुढे काय, हा प्रश्न २०१६ साली सुटला. स्मिथसोनियन संस्थेच्या फोकवेज या विभागाने आरहूलीची सगळी यादी विकत घेतली. फोकवेजचा नियम असा आहे की ताब्यात आलेला कोणताही अल्बम अनुपलब्ध होऊ द्यायचा नाही. मोठ्या व्यापारी कंपनीला यादी विकली असती, तर कदाचित जास्त पैसे मिळाले असते आणि त्यातले निम्मे अल्बम कपाटात गेले असते. त्यामुळे स्ट्राकविट्झच्या सगळ्या निर्णयांत हा शेवटचा सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल. ५ मे २०२३ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले.